कागदाचा पुनर्जन्म आणि ग्रंथालयाचे कर्तव्य

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संगीत या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. त्या पंक्तीत रद्दी कागदाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु ग्रंथालय हे विचारांचे घर असले, तरी ते घर कागदाचे असते. आणि शंभर वर्षे जुन्या घरात ज्या अडचणी निर्माण होतात, त्यांतील एक अगदी रोकडी अडचण ही की, कपाटांच्या डोक्यावर आणि माळ्यावर साठलेल्या जुन्या अंकांचे, फाटक्या पुस्तकांचे आणि घरोघरून भेट येणाऱ्या गठ्ठ्यांचे करावयाचे काय? एक पक्ष म्हणतो, पस्तीवाल्याला देऊन टाका; जागा होईल, चार पैसे येतील आणि झाडेही वाचतील. दुसरा पक्ष म्हणतो, ग्रंथालयातील कागद तराजूत घालणे हा सरस्वतीचा अपमान आहे. दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. पण या प्रश्नाचा निकाल केवळ भावनेने लागणार नाही. पस्तीच्या तराजूतून उतरलेल्या कागदाचे पुढे काय होते, त्यात निसर्गाचे काय वाचते आणि काय खर्ची पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. टाकाऊ वस्तूपासून कागद करणे ही काही आजची कल्पना नाही. कागदाचा जन्मच टाकाऊ वस्तूंपासून झालेला आहे. इ. स. १०५ मध्ये चीनच्या दरबारातील त्साय लुन याने कागद करण्याची जी रीत सम्राटापुढे मांडली, तीत झाडाच्या सालीबरोबर जुन्या चिंध्या आणि मासे पकडण्याची फाटकी जाळी होती. आपल्याकडे जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा, अहमदाबाद या ठिकाणी कागदी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जुने गोणपाट आणि दोरखंड कुटून कागद केला. मराठेशाहीची दप्तरे अशाच हातकागदावर मोडीत लिहिली गेली, आणि ती आजही वाचता येतात. १९४० साली प्रा. के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागदाची संस्था उभारली, तीही सुती चिंध्यांच्याच आधारावर. म्हणजे झाड न तोडता टिकाऊ कागद करता येतो, हे आपल्या देशाने पूर्वीच सिद्ध केले आहे. मात्र त्या कागदाच्या टिकाऊपणाचे कारण त्याच्या तंतूत आहे. ताग, अंबाडी आणि कापूस यांचे तंतू लांब व चिवट असतात. आजच्या रद्दीतील तंतू तसे नाहीत, आणि पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली या भेदात आहे.

एकोणिसाव्या शतकात छपाई वाढली, चिंध्या पुरेनात, आणि युरोपातील कारखानदार लाकडाकडे वळले. आपल्या देशात ती जागा मुख्यतः बांबूने घेतली. बडोद्याच्या माणसाला याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. गायकवाडांचे पहिले ठाणे असलेल्या सोनगढ किल्ल्याच्या परिसरात १९६० च्या दशकात सेंट्रल पल्प मिल्सचा कारखाना उभा राहिला; आज तो जे. के. पेपरकडे आहे. डांगच्या रानातील बांबू जवळ असणे हे ती जागा निवडण्याचे मोठे कारण होते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या गिरणीची कथा यासारखीच. सरकारने दीर्घ मुदतीच्या करारांनी गिरण्यांना बांबू अत्यल्प दराने दिला. त्याच बांबूवर पोट असलेल्या बुरडाला मात्र बाजारभाव मोजावा लागे. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूच्या वनांचा जो अभ्यास केला, त्यातून ही विषमता आणि वनांची झीज पुढे आली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने गिरण्यांना सांगितले की, कच्चा माल शेतकऱ्यांच्या साहाय्याने पिकवा, वनांवर विसंबू नका. पुढे २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला आपला बांबू आपल्या परवान्यावर विकण्याचा अधिकार मिळाला. आपण हातात धरतो त्या कोऱ्या कागदामागे हा सारा इतिहास आहे. तेव्हा जुन्या कागदातून नवा कागद करता आला, तर वनांवरचा भार हलका होईल, हा विचार मुळात योग्यच आहे.

आता रद्दीचा प्रवास पाहू. महाराष्ट्रात ज्याला रद्दीवाला म्हणतात, त्याला आपण बडोद्याचे मराठी लोक शेजारधर्माने पस्तीवाला म्हणतो. हातगाडीवाला फेरीवाला, गल्लीच्या तोंडावरचे पस्तीचे दुकान, घाऊक व्यापाऱ्याची वखार आणि शेवटी गिरणी, अशी ही साखळी आहे. वर्तमानपत्रे वेगळी, वह्या-पुस्तके वेगळी, पुठ्ठा वेगळा, असे वर्गीकरण या साखळीत हातांनी होते. पाश्चात्त्य देशांत सारा कागद एका पेटीत पडतो आणि त्यात अन्नाचे खरकटे, काच, प्लास्टिक मिसळते. आपल्या गृहिणीने महिनाभर घडी घालून ठेवलेली वर्तमानपत्रे कोरडी आणि स्वच्छ असतात. या व्यवस्थेला कोणी पर्यावरणाचे कार्य म्हणत नाही, पण तराजू धरणारी ही माणसे ते कार्य आपल्या पोटासाठी अनेक पिढ्या करीत आली आहेत.

गिरणीत रद्दी एका प्रचंड हौदात पाण्याबरोबर घुसळली जाते. तिचा लगदा होतो. चाळण्यांतून टाचण्या, दोरे, डिंक, प्लास्टिक वेगळे काढतात. पांढरा कागद हवा असेल, तर शाई काढावी लागते. त्यासाठी कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबणासारखी द्रव्ये घालून लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. मिठाईच्या वा भाकरवडीच्या खोक्याची आतली बाजू करडी दिसते. तो या शाईसकट झालेल्या लगद्याचा रंग आहे. खोक्याला करडेपणा चालतो, म्हणून तेथे शाई काढण्याचा खटाटोप टळतो. छपाईचा कागद पांढराशुभ्र हवा, असा हट्ट धरला की रसायनेही वाढतात आणि गाळही वाढतो.

यातील लाभ निर्विवाद आहेत. लाकूड वा बांबू शिजवून त्यातील लिग्निन काढण्यासाठी जी तीव्र रसायने आणि जेवढे पाणी लागते, त्यापेक्षा रद्दीचा लगदा करण्यास सामान्यतः पुष्कळ कमी लागते. एकूण ऊर्जाही कमी लागते. शिवाय उकिरड्यावर दबलेला कागद हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. पृथ्वीचे तापमान वाढविण्यात तो कर्बवायूपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ आहे. कागद पुन्हा गिरणीत गेला, तर हे टळते. आज भारतात तयार होणाऱ्या कागदापैकी सुमारे ७० टक्के कागद आणि पुठ्ठा रद्दीपासूनच होतो. मध्य प्रदेशातील नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९५६ साली राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा त्याची भिस्त सालईच्या लाकडावर आणि बांबूवर होती. पुढे तोही रद्दीकडे वळला.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ‘एक टन रद्दी म्हणजे १७ झाडे वाचली’ हे वाक्य आपण शाळांच्या भिंतींवर वाचतो. हा आकडा पाश्चात्त्य देशांतून आलेला आहे. झाड कोणते, किती जाड, कागद कोणत्या पद्धतीचा, यांवर तो अवलंबून असतो. आपल्याकडील गिरण्या सुबाभूळ, निलगिरी, सुरू ही शेतात लावलेली झाडे वापरतात. ती पिकासारखी लावून काही वर्षांनी कापली जातात. काही गिरण्या उसाच्या चिपाडांवर आणि गव्हाच्या काडावर चालतात. तेव्हा प्रत्येक टनामागे रानातील १७ वृक्ष उभे राहिले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मात्र चिपाडांचा आणि काडाचा कागद आपोआप निर्मळ ठरतो, असेही नाही. काडात वाळूसारखे सिलिका असते, त्यामुळे त्यापासून निघणाऱ्या काळ्या द्रावणातील रसायने परत मिळविणे कठीण जाते. लहान गिरण्यांनी ते द्रावण वर्षानुवर्षे नदी-नाल्यांत सोडले, आणि त्याची किंमत नदीकाठच्या गावांनी मोजली.

दुसरा मुद्दा ऊर्जेचा आहे आणि तो अनपेक्षित वाटेल. लाकूड शिजविणारी मोठी गिरणी लिग्निनयुक्त काळे द्रावण भट्टीत जाळून आपली बरीचशी वाफ आणि वीज स्वतःच निर्माण करते. रद्दीच्या गिरणीला असे इंधन मिळत नाही. तिला ऊर्जा कमी लागते हे खरे, पण जी लागते ती बहुधा कोळशाची वा बाहेरून घेतलेल्या विजेची असते. येल विद्यापीठ आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथील संशोधकांनी २०२० साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात हाच इशारा दिला की, कारखान्यांची वीज कोळसा आणि वायूपासूनच येत राहिली, तर जगभर रद्दीचा वापर वाढवूनही कर्बवायूचे उत्सर्जन कमी होईलच असे नाही. उलट ते वाढूही शकते. याचा अर्थ रद्दी गिरणीत पाठवू नये असा नव्हे. गिरणीची भट्टी कशावर पेटते, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा मुद्दा गाळाचा. शाई काढलेल्या रद्दीतून गेले तेवढे वजन परत मिळत नाही. कागदाला गुळगुळीतपणा देणारी चिनी माती, शाई आणि तुटलेले बारीक तंतू गाळात जातात. तो गाळ कोठेतरी टाकावा किंवा जाळावा लागतो. वापी हे रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरण्यांचे मोठे केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी केली, तीत अंकलेश्वर पहिले आणि वापी दुसरे होते. त्याचा मुख्य दोष रासायनिक कारखान्यांकडे जातो. परंतु कागदाच्या गिरण्याही त्याच दमणगंगेच्या खोऱ्यातील पाणी वापरतात. आपल्या बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून समुद्राकडे नेले जाते. घाण आपल्या नजरेआड गेली म्हणजे नाहीशी झाली, असे होत नाही, हे शिकण्यास आपणास दुसऱ्या गावी जावे लागत नाही.

चौथा मुद्दा परदेशी रद्दीचा. आपल्या गिरण्यांना देशातील रद्दी पुरत नाही, म्हणून दरवर्षी लक्षावधी टन रद्दी अमेरिका आणि युरोपातून जहाजांनी येते. चीनने २०१८ पासून परदेशी कचऱ्यावर कडक निर्बंध घातले आणि २०२१ पासून तो पूर्णपणे बंद केला. त्यानंतर आपल्याकडील ओघ वाढला. या गठ्ठ्यांत प्लास्टिक मिसळलेले असते आणि ते गिरण्यांच्या आसपास साठते. आपल्या घरची स्वच्छ रद्दी ओल्या कचऱ्यात भिजून वाया जावी आणि गिरणीने सातासमुद्रापलीकडचा कचरा विकत घ्यावा, ही विसंगती आपल्या हातून थोडीतरी दूर होऊ शकते.

पाचवा मुद्दा आरोग्याचा. शेव-उसळीच्या गाडीवर वर्तमानपत्राचा कागद पुढे करणे हाही एक प्रकारचा पुनर्वापरच. परंतु छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलकट, गरम पदार्थात उतरतात. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई केली आहे.

शेवटचा मुद्दा ग्रंथालयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कागदाचा पुनर्जन्म अनंत नाही. प्रत्येक फेरीत तंतू आखूड आणि ताठर होतात. साधारणपणे पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवण्याच्या लायकीचे राहत नाहीत. पुस्तकाच्या कागदाचे वर्तमानपत्र, वर्तमानपत्राचे खोके, खोक्याचा पुठ्ठा, अशी ही उतरंड आहे. ती चालू राहण्यासाठी वरून काही प्रमाणात नवा तंतू येत राहावाच लागतो. म्हणून ‘सारा कागद रद्दीचाच वापरा’ हा नियम करता येत नाही. ज्याचे आयुष्य दोन दिवसांचे, त्या कागदासाठी रद्दी उत्तम. ज्याने दोनशे वर्षे टिकावयाचे, त्याला लांब तंतूचा, आम्लरहित, लिग्निन काढलेला कागद हवा. १९९४ साली अशा दीर्घायुषी कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात लिग्निनवर मर्यादा आहे आणि आम्ल शोषून घेणारा चुना कागदात असावा अशी अट आहे. तुरटी आणि राळ लावलेला विसाव्या शतकातील स्वस्त कागद आपल्या कपाटात तपकिरी होऊन मोडतो, त्याचे कारण या दोन गोष्टींचा अभाव हेच होय.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पर्यावरणाच्या दृष्टीने कागदाचा सर्वांत चांगला उपयोग कोणता? माझ्या मते, एकच प्रत पुष्कळांनी वाचणे. समजा, ४०० ग्रॅम वजनाचे एक पुस्तक शंभर सभासदांनी वाचले. प्रत्येकाने ते विकत घेतले असते, तर ४० किलो कागद लागला असता. येथे ना लगदा करावा लागला, ना शाई काढावी लागली, ना गाळ झाला. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेडोपाडी गेली. एका गावात वाचून झालेली पेटी दुसऱ्या गावी जाई. त्या काळी हेतू ज्ञानप्रसाराचा होता. आज त्याच योजनेकडे कागद वाचविण्याची पद्धत म्हणूनही पाहता येईल. पुनर्वापर आधी आणि लगदा शेवटी, हा क्रम बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.

परंतु याच ग्रंथालयाच्या दारी लगद्याचा सर्वांत मोठा धोकाही उभा असतो. लगद्यातून कागद पुन्हा मिळतो. त्यावरील मजकूर मिळत नाही. दामोदर सावळाराम यंदे यांच्या ‘सयाजीविजय’सारखी पत्रे, येथील मराठी मंडळांचे वार्षिक अहवाल, नाट्यसंस्थांची हस्तपत्रके, स्मरणिका, लहान छापखान्यांत निघालेल्या पुस्तिका यांच्या फारच थोड्या प्रती उरलेल्या असतात. पुण्या-मुंबईची ग्रंथालये बडोद्याचा मराठी कागद आपल्यासाठी जपून ठेवतील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुने मराठी वाडे मोडून तेथे इमारती झाल्या. मुले पुण्यास, बंगळूरला, परदेशी गेली. आजोबांचे कपाट रिकामे करावयाची वेळ येते, तेव्हा घरात मराठी वाचणारे कोणी नसते आणि पस्तीवाला दारात असतो. त्याच्या तराजूला दोन्ही कागद सारखेच. कोणता कागद पस्तीचा आणि कोणता स्मृतीचा, हे ठरविण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे. ते ज्ञान न वापरता सारेच विकणे हा अपराध आहे. आणि सारेच साठवून वाळवीच्या हवाली करणे हाही तितकाच अपराध आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, कोणताही गठ्ठा बाहेर जाण्यापूर्वी दोन जाणत्या सभासदांनी तो पाहावा. बडोद्यात छापलेले, बडोद्याविषयीचे किंवा इतरत्र न सापडणारे असे जे असेल, ते राखून ठेवावे आणि शक्य तेवढे संगणकावर उतरवून घ्यावे. हस्तलिखिते आढळल्यास प्राच्यविद्यामंदिराशी विचारविनिमय करावा. दुसरी, ज्या कादंबऱ्यांच्या आणि मासिकांच्या जादा प्रती आहेत, त्या प्रथम लहान ग्रंथालयांना, शाळांना, वाचकांना द्याव्यात. त्यानंतर जे उरेल, ते निःसंकोचपणे पस्तीला द्यावे. मात्र ते कोरडे, वर्गवारी केलेले, प्लास्टिकची वेष्टने काढलेले असावे, म्हणजे त्याचा चांगला कागद होईल आणि तराजूवाल्यालाही भाव मिळेल. तिसरी, सूचनापत्रे, पाकिटे, पावत्या यांसाठी पुनर्निर्मित कागद वापरावा आणि पाठकोऱ्या कागदाची आपली जुनी सवय सोडू नये. हा शताब्दी ग्रंथ आणि यापुढील अहवाल यांच्या निदान काही प्रती मात्र दीर्घायुषी कागदावर छापाव्यात. त्याचा खर्च थोडा अधिक येईल, आणि त्यासाठी आश्रयदात्यांना विनंती करण्यात संकोच नसावा.

आणखी एक विनंती सभासदांना. घरातील मराठी पुस्तकांची आवराआवर करावयाची झाली, तर पस्तीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक दूरध्वनी ग्रंथालयात करावा. आम्ही सर्वच घेऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण गठ्ठा एकदा नजरेखालून गेला, तर दहा किलोंतील एखादी पुस्तिका वाचेल, आणि उरलेल्या कागदाला पस्तीवाल्याकडे जाण्यास कोणाचीच हरकत असणार नाही.